वंश त्याचा चालावा

माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात राहणाऱ्या लेकीकडून एक पार्सल आले. त्यातून हिरव्या मऊ कापडाचा, गोल चेहऱ्याचा आणि बोथट चोचीचा एक पक्षी निघाला, आणि त्याच्याखाली जाड कागदावरचे एक प्रमाणपत्र. त्यावर माझे नाव होते आणि त्या देशाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर राहणाऱ्या एका काकापोचे नाव होते. "आई, तुझ्या नावाने एक पक्षी दत्तक घेतलाय," लेक फोनवर म्हणाली आणि मागून नातीने ओरडून सांगितले, "आजी, आता तो आपल्या घरातला झाला!" दोघींचा उत्साह मला कळत होता, तरी त्या दिवशी माझे मन त्या एका शब्दापाशीच अडखळले. दत्तक हा शब्द आमच्या घरात इतक्या सहजपणे कधी कोणी उच्चारलेला नाही.

माझे आजेसासरे दत्तक आलेले होते. शेजारच्या तालुक्यातल्या भाऊबंदांकडून सात वर्षांचा मुलगा आणला, होम झाला, जन्मदात्यांनी हातावर पाणी सोडून त्याला दिले आणि या घराने मांडीवर घेतले, असे सासूबाई सांगत. त्या दिवसापासून त्याचे नाव बदलले. जन्मदात्या आईला त्याने पुढे आयुष्यभर काकू म्हणून हाक मारली, हा तपशील सांगताना सासूबाईंचा आवाज दर वेळी खाली येई. ते दत्तकपत्र अजून आमच्या कपाटात आहे. त्यात त्या मुलाच्या सुखदुःखाविषयी एकही ओळ नाही. आहे ते घराण्याविषयी, जमिनीविषयी आणि आपल्यामागे पाणी देणारा कोणीतरी असावा या काळजीविषयी. मराठी माणसाला या शब्दाचे आणखी एक वजन शाळेपासून ठाऊक असते. दत्तक नामंजूर झाले म्हणून १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच झाशीचेही गेले. ज्या शब्दापायी राज्ये बुडाली आणि ज्याच्यामुळे एका लहान मुलाची आई बदलली, तो शब्द हजारो कोसांवरच्या एका पक्ष्यासाठी वापरावा, हे मला त्या दिवशी पटले नाही. प्रमाणपत्र मी कपाटात, योगायोगाने त्या जुन्या दत्तकपत्राच्याच कप्प्यात, ठेवून दिले.

ते पुन्हा बाहेर काढायला मला तीन महिने लागले, आणि ते काढले ते नातीच्या प्रश्नांमुळे. दर रविवारी ती विचारायची, "आजी, आपला पक्षी काय खातो? तो उडत का नाही? त्याची आई कोण?" ज्याला आपण दत्तक घेतले असे सांगतो, त्याच्याविषयी इतकेही माहीत नसावे, याची मला लाज वाटू लागली. मग मी वाचायला बसले.

काकापो हा पोपट आहे, यावर त्याच्याकडे पाहून चटकन विश्वास बसत नाही. जगातल्या पोपटांत तो सगळ्यांत वजनदार; नराचे वजन चार किलोंपर्यंत जाते. त्याला पंख आहेत, पण त्यांनी तो उडत नाही. झाडावर चढतो आणि उतरताना पंख पसरून तोल सांभाळतो. दिवसा झोपतो, रात्री हिंडतो. डोळ्यांभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी आहे, अंगावर शेवाळाचा हिरवा रंग आहे आणि त्या अंगाला मधासारखा, जुन्या लाकडासारखा गोडसर वास येतो. तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत काका म्हणजे पोपट आणि पो म्हणजे रात्र. मराठी कानाला मात्र पहिल्या दोन अक्षरांत घरातले नातेच ऐकू येते, आणि नातीने तर सुरुवातीपासून त्याला 'काका' अशीच हाक मारली. तो साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे ज्याला मी दत्तक घेतले, तो बहुधा माझ्या मागेही राहणार आहे. वडीलधाऱ्याने दत्तक घ्यावे आणि त्याने आपल्या मागे उरावे, एवढी एक गोष्ट तरी जुन्या रीतीप्रमाणेच जुळून आली.

परंतु मला खरोखर जागेवर खिळवून ठेवले ते त्याच्या विणीच्या वर्णनाने. विणीच्या हंगामात नर उंचवट्यावर जमिनीत वाटीसारखे उथळ खळगे करतो, त्यांच्याकडे जाणाऱ्या पायवाटा काडीकचरा उचलून स्वच्छ ठेवतो, आणि रात्र झाली की त्या खळग्यात बसून छाती फुग्यासारखी फुगवतो आणि खोल, घुमणारा नाद काढतो. एकेका रात्री आठ आठ तास, दोन-तीन महिने हे चालू राहते. वारा अनुकूल असेल तर तो नाद काही किलोमीटरवर पोहोचतो. मादी तो ऐकत ऐकत अंधारातून चालत येते, जोडीदार निवडते आणि परत जाते. अंडी घालणे, ती उबवणे, पिल्ले वाढवणे हे सारे पुढे ती एकटी करते.

हे वाचताना मी सोलापूरच्या घरातल्या खुर्चीत बसलेली असूनही मन थेट नान्नजच्या माळावर गेले. माझे वडील त्या भागातल्या एका शाळेत शिक्षक होते आणि मी दहा-बारा वर्षांची असताना, पावसाळ्याच्या तोंडाशी, एका पहाटे त्यांनी मला सायकलच्या नळीवर बसवून माळावर नेले होते. कुसळीचे गवत दवाने ओले झाले होते. आम्ही एका बांधाच्या आड बसलो आणि बराच वेळ काही दिसले नाही. मग समोरच्या उंचवट्यावर एक मालढोक नर उभा राहिला. त्याने शेपूट पाठीवर उभारली, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत जवळजवळ पायांपर्यंत लोंबू लागली आणि तो घुमला. त्या आवाजाला काही भागांत लोक हूम म्हणतात आणि पक्ष्यालाही त्याच नावाने ओळखतात. कानाने ऐकण्याआधी तो आवाज छातीत जाणवतो. वडील माझ्या कानाशी पुटपुटले, "हा बोलावतोय. ती कुठंतरी ऐकत असणार." मादी आम्हाला दिसली नाही. मालढोकाची मादीही उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि एकटीच ते सांभाळते, हे मला वडिलांनी परत येताना सांगितले. पृथ्वीच्या दोन टोकांवरचे, एकमेकांशी काहीही नाते नसलेले हे दोन पक्षी. एक घनदाट ओल्या रानातला आणि एक उघड्या कोरड्या माळावरचा. एक पोपट, एक नाही. तरी दोघेही वजनदार, दोघेही बहुतेक जमिनीवरच वावरणारे, दोघांचेही नर छाती फुगवून हाक घालणारे आणि दोघांच्याही माद्या एकट्याने संसार करणाऱ्या. आणि दोघांचीही संख्या माणसाला बोटांवर मोजता येईल इतकी खाली आलेली.

काकापो कमी कसा झाला, हे समजून घेताना रिचर्ड हेन्री या माणसाची गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे काकापोला शत्रू होते ते आकाशातले पक्षी, आणि त्यांच्यापासून वाचायचे तर स्तब्ध राहणे पुरेसे असे. माओरी लोकांबरोबर उंदीर आणि कुत्रे आले, युरोपीय लोकांबरोबर मांजरे आणि मोठे उंदीर आले, आणि सशांचा बंदोबस्त करायचा म्हणून १८८० च्या दशकात स्टोट नावाचा मुंगुसासारखा चपळ शिकारी प्राणी मुद्दाम आणून सोडला गेला. वासावर शिकार करणाऱ्या प्राण्यापुढे सुगंधी अंगाचा पक्षी स्तब्ध उभा राहिला, तर काय होणार हे सांगायला नको. १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री यांची रेझोल्यूशन बेटावर राखणदार म्हणून नेमणूक झाली. त्यांनी पुढच्या काही वर्षांत जवळजवळ एकट्याने, एका कुत्र्याच्या आणि होडीच्या मदतीने, काकापो आणि किवी मिळून शेकडो पक्षी मुख्य भूमीवरून पकडून त्या बेटावर नेऊन सोडले. मग १९०० साली त्या बेटावर स्टोट दिसला. तो पोहून आला होता. त्या दिवसानंतर हेन्री यांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण त्यांनी काहीही चूक केलेली नव्हती. फक्त समुद्राचा तो पट्टा स्टोटला पोहून येता येईल इतका अरुंद होता.

१९७० च्या दशकात देशाच्या नैऋत्येकडच्या फिओर्डलँड या डोंगराळ भागातल्या दऱ्यांमध्ये शोध घेतला तेव्हा सापडलेले सारे पक्षी नर निघाले. घुमत होते, खळगे स्वच्छ ठेवत होते, आणि ऐकायला येणारी एकही मादी त्या डोंगरांत उरलेली नव्हती. हे वाक्य मी नातीला वाचून दाखवू शकले नाही. नंतर १९७७ मध्ये स्टुअर्ट बेटावर, म्हणजे माओरी नावाने राकिउरावर, पक्ष्यांची आणखी एक वस्ती सापडली आणि १९८० मध्ये तिथे मादी हाती लागली. पण तिथे मांजरे त्यांना मारत होती, म्हणून जिवंत पक्ष्यांना उचलून शत्रू नसलेल्या छोट्या बेटांवर नेण्यात आले. १९९५ मध्ये जगात ५१ काकापो उरले होते. आज ते अडीचशेच्या आसपास आहेत. फिओर्डलँडमधून १९७५ मध्ये वाचवलेल्या एका नराला त्या राखणदाराचेच नाव दिले होते, रिचर्ड हेन्री. तो २०१० च्या डिसेंबरमध्ये म्हातारपणाने गेला. फिओर्डलँडचे रक्त आज त्याच्या मुलांमधूनच पुढे चालले आहे.

आता पैशांकडे येते, कारण माझ्या मनातली दुसरी अडचण तिथे होती. आपल्याकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. बिबट्या, वाघाटी, हरीण यांपैकी एखाद्या प्राण्याच्या वर्षभराच्या खाण्यापिण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च माणूस उचलतो आणि तो प्राणी पिंजऱ्यात किंवा कुंपणात त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तिथला हिशेब सरळ आहे. काकापोच्या बाबतीत असे काही नाही. माझ्या नावाने दिलेली रक्कम माझ्याच पक्ष्यावर खर्च होत नाही. ती साऱ्या पक्ष्यांसाठी चाललेल्या एकाच कामात मिसळते. शिवाय ज्या पक्ष्याचे नाव माझ्या प्रमाणपत्रावर आहे, त्यालाच जगभरातल्या आणखी कितीतरी लोकांनी दत्तक घेतले आहे. म्हणूनच त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिले की तो माझ्या एकटीचा असल्यासारखे वाटेल, आणि तसा तो नाही. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला थोडे फसवल्यासारखे वाटले, हे मी कबूल करते. मग काय, हा केवळ प्रतीकाचा व्यवहार का, असे मी लेकीला विचारले. ती म्हणाली, "आई, तू वर्गातल्या एकाच मुलाला शिकवायचीस का?"

तिचा प्रश्न योग्य होता. एका काकापोला वेगळे काढून वाचवताच येत नाही. त्या बेटांवरच्या पक्ष्यांच्या पाठीवर छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो, त्याची बॅटरी संपण्याआधी पक्षी शोधून, पकडून तो बदलावा लागतो आणि त्याच वेळी वजन व तब्येत पाहावी लागते. रिमू नावाच्या झाडाला दोन ते चार वर्षांतून एकदा भरघोस फळे येतात आणि काकापो तेव्हाच विणीला लागतो. म्हणून आदल्या वर्षीच फांद्यांच्या टोकांवरची कोवळी फळे मोजून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधतात. हंगाम आला की घरट्यांशेजारी रात्र रात्र जागणारी माणसे लागतात, उबवणी यंत्र लागते, अशक्त पिल्लांना हाताने भरवणारे लागतात. घातलेल्या अंड्यांपैकी निम्म्याच्या आसपास अंडी फळत नाहीत, कारण पक्षी एकमेकांच्या फार जवळच्या रक्ताचे झाले आहेत. म्हणून संशोधकांनी त्या वेळी जिवंत असलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा तयार केला. कोणाची संतती अति झाली आणि कोणाची अजून झालेलीच नाही, हे त्यावरून कळते. ब्लेड्स नावाच्या एका नराला वीसहून अधिक पिल्ले झाली, तेव्हा त्याच्याच रक्ताची गर्दी होऊ नये म्हणून त्याला विणीच्या बेटावरून दुसरीकडे हलवावे लागले.

या सगळ्यात एक प्रकरण असे आहे, की ते वाचून मी कपाटातले जुने दत्तकपत्र पुन्हा उघडले. १९९० च्या दशकात माद्यांनी अधिक अंडी घालावीत म्हणून त्यांना पूरक आहार देऊ लागले. माद्या धष्टपुष्ट झाल्या, पण त्यांना होणाऱ्या पिल्लांमध्ये नरच जास्त निघू लागले. निसर्गात सुदृढ मादीने नराला जन्म देणे फायद्याचे असते, कारण बलवान नर अनेक माद्यांशी जुळतो. परंतु मूठभर पक्षी उरलेले असताना हा फायदाच नाशाकडे नेणारा होता. हवी होती ती मुलगी. मग कोणाला किती खाऊ घालायचे हे वजन पाहून ठरवू लागले, आणि २००२ च्या हंगामात २४ पिल्ले वाढली, त्यांत माद्या अधिक होत्या, आणि एकूण संख्या ६२ वरून ८६ वर गेली. आमच्या त्या दत्तकपत्रात 'पुत्र' हा शब्द किती वेळा आला आहे, ते मी त्या दुपारी मोजले. अकरा वेळा. आजेसासऱ्यांना दोन सख्ख्या मोठ्या बहिणी होत्या, असे सासूबाई म्हणत. त्यांची नावे मात्र त्यांनाही माहीत नव्हती.

त्याच दुपारी मला या शब्दाविषयी जे वाटत होते ते बदलले. आपल्या परंपरेत दत्तक घेतला जाई तो आपला वंश चालावा म्हणून. घेणाऱ्याची गरज त्यात आधी असे, आणि दिला जाणारा जीव त्या गरजेसाठी आपले नाव, आपली आई सोडून येई. या दुरून घेतलेल्या दत्तकात सारे उलटे आहे. वंश चालायचा आहे तो त्याचा. तो त्याच्या रानात, त्याच्या नावाने, त्याच्या आईच्या बेटावरच राहतो. त्याच्यावर माझा अधिकार चालत नाही, माझ्यामागे तो मला पाणी देणार नाही, मी आहे हेसुद्धा त्याला कधी कळणार नाही. माझ्याकडे राहते ते फक्त त्याची खबर ठेवणे. एवढेच, पण ते 'एवढेच' वाटते तितके हलके नाही, हे २०१९ सालाविषयी वाचताना मला समजले. त्या वर्षी रिमूला उदंड फळे आली, सत्तरहून अधिक पिल्ले वाढली, त्याआधी कधी इतकी झाली नव्हती; आणि त्याच वर्षी बुरशीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने नऊ पक्षी गेले. आजारी पक्ष्यांना बेटावरून उचलून मुख्य भूमीवरच्या दवाखान्यांत नेले, महिनोन्महिने उपचार केले. गेलेल्या प्रत्येकाची वेगळी नोंद होती. एरवी 'नऊ पक्षी मेले' ही बातमी मी वाचली असती आणि पान उलटले असते. आता मात्र मी यादीत आमच्या पक्ष्याचे नाव शोधले, ते नाही हे पाहून सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच त्या सुटकेचेच मला वाईट वाटले, कारण त्या नऊ जणांनाही कोणी ना कोणी आपले म्हटले असणार.

गेल्या वर्षी मी लेकीकडे गेले, तेव्हा नातीचा हट्ट होता की आजीने काकाला भेटायचे. भेटता येणार नाही, हे तिला समजावणे सोपे नव्हते. तो ज्या बेटावर राहतो तिथे परवानगीशिवाय कोणाला उतरता येत नाही, आणि ज्यांना परवानगी मिळते त्यांच्याही पिशव्या, बूट, कपडे तपासले जातात, एखादे बी किंवा एखादा उंदीर त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून. शेवटी आम्ही तिघी गाडीने ब्लफ या दक्षिण टोकाच्या गावी गेलो. तिथे किनाऱ्यावर एक खांब आहे, त्यावर जगातल्या निरनिराळ्या शहरांची अंतरे लिहिलेल्या पाट्या आहेत आणि लोक तिथे छायाचित्रे काढतात. समोर सामुद्रधुनी, तिच्या पलीकडे राकिउराचे निळसर डोंगर, आणि त्यांच्याही पश्चिमेला, आमच्या नजरेआड, व्हेनुआ होऊ हे बेट. त्या माओरी नावाचा अर्थ नवी भूमी असा आहे. वारा असा होता की पदर आवरणे कठीण. नात रेलिंगला धरून समुद्राकडे तोंड करून मोठ्याने "काका!" म्हणाली. लेक हसली, मग गप्प झाली. मी हात जोडले. दक्षिण दिशेकडे तोंड करून हात जोडणे आपल्याकडे पितरांसाठी असते, हे मला तेव्हा आठवले, पण मी हात खाली घेतले नाहीत.

ब्लफचे माओरी नाव मोटुपोहुए, आणि याच नावाचा एक तरुण काकापो नर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये त्याला आणि आणखी तीन नरांना उत्तरेकडच्या मौंगाटाउटारी या डोंगरावर नेऊन सोडले. ४७ किलोमीटर लांबीच्या कुंपणाने वेढलेले, शिकारी प्राण्यांपासून मोकळे केलेले ते रान आहे, आणि मुख्य भूमीवर काकापो परतण्याची ती कित्येक दशकांतली पहिली वेळ होती. पुढे काही पक्षी कुंपण ओलांडून बाहेर आले आणि त्यांना परत न्यावे लागले, त्यामुळे ते काम सुरळीत झाले असे म्हणता येत नाही. मला त्या प्रसंगातले वेगळेच काही जवळचे वाटले. काकापो हा दक्षिणेतल्या नाई ताहू या माओरी जमातीचा ठेवा आहे आणि १९९८ च्या कायद्याने त्यांचे हे नाते मान्य केलेले आहे. पक्षी उत्तरेला न्यायचे तेव्हा नाई ताहूच्या लोकांनी ते तिथल्या न्गाटी कोरोकी काहुकुरा या जमातीच्या हाती रीतसर सोपवले, त्यांनी ते स्वीकारले. एका घराण्याने दुसऱ्या घराण्याला द्यावे तसे. दत्त म्हणजे दिलेला. देणारा असल्याशिवाय दत्तक होत नाही, हे आपले शास्त्रही सांगते, आणि माझ्या प्रमाणपत्राला त्या दिवसापर्यंत देणारा कोण हे मला कळलेले नव्हते.

ड्युनेडिनहून परतल्यावर मी फार वर्षांनी नान्नजला गेले. मालढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले, जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर तो पक्षी वावरत होता, त्यांच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, पण तोवर माळ तुटला होता, विहिरी आणि ऊस आले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. जड अंगाच्या, समोरचे नीट न दिसणाऱ्या या पक्ष्याला तारा चुकवता येत नाहीत. आज देशात उरलेले मालढोक बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथे २०१९ पासून अंडी आणून केंद्रात पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही झाले, आणि तिथल्या पिल्लांना माणसे नावे ठेवतात हे वाचून मला बरे वाटले. शेतकऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. माळ म्हणजे पडीक जमीन, असे मीच तीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आले. तो एका पक्ष्याचे घर आहे, हे मी वडिलांकडून पाहिलेले असूनही मुलांना कधी सांगितले नाही.

आषाढातली पहाट होती. निरीक्षण मनोऱ्यावर माझ्याबरोबर एक वनमजूर होता, माझ्याच वयाचा, बहुधा निवृत्तीनंतरही बोलावल्यावर येणारा. गवत ओले होते, तितर बोलत होते, लांबून काळविटांचा एक कळप गेला. मी तास-दीड तास कान देऊन बसले. त्याला मी काकापोविषयी सांगितले: पाठीवरचा ट्रान्समीटर, घरट्याजवळ रात्री जागणारी माणसे, आणि प्रत्येक पक्ष्याला असलेले नाव. त्याने ते सारे लक्ष देऊन ऐकले आणि इथे अधूनमधून एक मादी दिसते, नर पाहून बरीच वर्षे झाली, असे सांगितले. मी विचारले, तिला तुम्ही काही नाव ठेवले आहे का?

तो माळाकडे बघत राहिला.

"नाव कशाला लागतंय, बाई? दुसरी असती, तर ठेवलं असतं."